चौथा क्वार्टरबॅक

सोमवार, ३० जानेवारी २०२३

काल आमचे नाइनर्स, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची अमेरिकन फुटबॉल टीम, सेमीफायनल हरले त्याचं एवढं काही नाही. फिलाडेल्फिया ईगल्सने ३१-७ असं धुतलं, आणि ते त्या दिवशी सरसच होते. मला कालपासून छळतंय ते वेगळंच. सामन्याच्या तिसऱ्या क्वार्टरमध्ये आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा, जोश जॉन्सन याला ईगल्सच्या सू नावाच्या खेळाडूने पाडलं, त्याचं डोकं मागच्या बाजूने मैदानावर आपटलं आणि आमच्या हॉलमधल्या सगळ्यांच्या तोंडून एकच निघालं, "आता कोण खेळणार?" नवराही तेच म्हणाला. त्याला किती लागलं, तो उठतोय का, हे कुणी विचारलंच नाही. मी भेळेच्या वाट्या उचलायच्या निमित्ताने आत गेले आणि सिंकपाशी उभी राहिले, कारण डोळे भरून आले होते.

रात्री नवऱ्याने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, दमले.

सीझनभर नाइनर्सचं हेच चाललंय. सप्टेंबरात पहिल्या क्वार्टरबॅकचा, लान्सचा घोटा मोडला. डिसेंबरात त्याच्या जागी आलेल्या जिमीचा पाय गेला. मग ड्राफ्टमधला, म्हणजे टीम कॉलेजची पोरं निवडतात त्यातला, अगदी शेवटचा, २६२ वा पोरगा, ब्रॉक पर्डी, असा काही खेळला की सगळे त्याच्या प्रेमात पडले. काल पहिल्याच चढाईत त्याचंही कोपर गेलं. म्हणून आला जॉन्सन. चौथा. वय ३६.

त्याच्याबद्दल मी आधीपासून वाचत आलेय, का ते माझं मलाच ठाऊक. २००८ साली पाचव्या फेरीत टॅम्पाने घेतला. तेव्हापासून १४ टीम. लीगमध्ये इतक्या टीममध्ये कुणीच राहिलेलं नाही. पहिला क्वार्टरबॅक म्हणून उतरून पहिला सामना जिंकला तो २०१८ च्या डिसेंबरात, वॉशिंग्टनकडून, जॅक्सनव्हिलविरुद्ध १६-१३. म्हणजे लीगमध्ये आल्यावर दहा वर्षांनी. त्याआधी २०११ पासून नियमित सामन्यात एकही पास टाकायला मिळाला नव्हता. वॉशिंग्टनने ऐनवेळी बोलावलं तेव्हा सोबतच्या खेळाडूंची नावंही त्याला माहीत नव्हती, म्हणून तो मॅडन या फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये तीच टीम घेऊन खेळत बसायचा. नावं पाठ व्हावीत म्हणून.

हे वाचलं तेव्हा मला पार्किंग लॉट आठवला. मी बदली शिक्षिका, नवीन शाळेत गेले की घंटा व्हायच्या आधी मी गाडीत बसून सीटिंग चार्ट पाठ करते. दुसऱ्या रांगेत खिडकीपाशी कोण, दारापाशी कोण. मुलाला त्याच्या नावाने हाक मारली की तो ताठ बसतो, नुसतं "यू, इन द ब्लू शर्ट" म्हटलं की तो दिवस हातातून गेलाच.

पण मला खरं लिहायचंय ते हे नाही.

मला फोन येतो तो कुणाचं तरी बिनसलेलं असतं म्हणून. पहाटे साडेपाचला बदली कामाचं अ‍ॅप वाजतं, म्हणजे कुणाचं मूल तापाने फणफणलंय, कुणाचे वडील गेलेत, कुणाला पाठीमुळे उठवत नाहीये. आणि मला आनंद होतो. त्या क्षणी खरंच होतो, काम मिळालं म्हणून. मग दात घासताना तो आनंद टोचायला लागतो. काल पर्डी कोपर धरून बाहेर आला आणि जॉन्सनने हेल्मेट चढवलं, तेव्हा त्याला काय वाटलं असेल? पंधरा वर्षं ज्या सामन्याची वाट पाहिली तो आला, सुपर बोलच्या, म्हणजे फायनलच्या, एक पाऊल अलीकडे, आणि आला तो एका पोराचं कोपर फाटल्यामुळे. असं काही व्हावं अशी इच्छा माणूस धरू शकत नाही. आणि ते झाल्याशिवाय त्याची पाळीही येत नाही. मी हे आज दिवसभर मनात उलटसुलट करतेय, सुटत नाही.

हाफटाइमच्या जरा आधी १४-७ असताना सेंटरने चेंडू मागे दिला आणि तो जॉन्सनच्या हातातून निसटला. बोटांना लागला, खाली पडला, ईगल्सने उचलला. लगेच टचडाउन, २१-७. हॉलमध्ये कुणीतरी म्हणालं, चौदा टीम फिरला आणि चेंडू धरता येत नाही. मी गप्प बसले, पण मला सांगायचं होतं की आठवडाभराचा सराव पहिल्या क्वार्टरबॅकसाठी असतो. राखीव माणसाच्या वाट्याला त्यातलं उरलंसुरलं येतं. त्या सेंटरच्या हातचे चेंडू त्याने डिसेंबरपासून किती झेलले असतील? सगळं माहीत असूनही हाताला सवय नसते, ते मला कळतं. दुसऱ्याच्या वर्गात प्रोजेक्टरचं बटण शोधताना तीस मुलं आपल्याकडे बघत असतात, तेव्हा कळतं.

परवा सासूबाईंनी फोनवर विचारलं, "तुझं पक्कं कधी होणार गं?" नाशिकला माझं पक्कंच होतं. जाऊ दे, ते आज नको.

संध्याकाळी जेवताना मात्र एक गोष्ट ध्यानात आली आणि जरा हलकं वाटलं. नाइनर्सनी या माणसाला पहिल्यांदा बोलावलेलं नाही. २०१२, २०१४, २०२० आणि आता. डिसेंबरात डेन्व्हरच्या प्रॅक्टिस स्क्वॉडमधून, म्हणजे सरावापुरत्या ठेवलेल्या खेळाडूंतून उचलला, आणि नाइनर्सचा कोच शॅनहानच्या हाताखाली तो आधी राहिलेला, त्याचं प्लेबुक, म्हणजे डावपेचांची वही, पाहिलेला. २०२१ मध्ये जेट्सकडून इंडियानापोलिसविरुद्ध उतरला तर पासमधून ३१७ यार्ड आणि तीन टचडाउन. त्याच वर्षी नाताळाच्या दुसऱ्या दिवशी बाल्टिमोरकडून उभा राहिला, तिथे येऊन दोन आठवडेही झाले नव्हते, आणि ३०४ यार्ड. दोन्ही सामने हरले. तरी फोन येत राहिले. ज्याच्याकडून काही होत नाही त्याला कुणी चार-चार वेळा बोलावत नाही. आमच्याकडेही एका शाळेच्या ऑफिसातल्या बाई आता अ‍ॅपवर टाकत नाहीत, थेट मलाच विचारतात. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

ग्रुपवर दिवसभर पर्डीच्या कोपराचंच चाललंय. एमआरआय, लिगामेंट फाटलंय, सहा महिने. मी शेवटी विचारलं, जॉन्सनचं डोकं कसं आहे? एका दादांनी अंगठा टाकला. नवऱ्याने मात्र फोन खाली ठेवला आणि म्हणाला, काल तू यामुळे आत गेलीस का? मी हो म्हटलं. मग आम्ही बराच वेळ बोललो. त्यातलं सगळं इथे लिहीत नाही.

आज चौथीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, आमच्या खऱ्या टीचर कधी येणार. गुरुवारी, म्हटलं. तोपर्यंत टेबलावर वर्कशीटचा गठ्ठा ठेवलाय, तेवढ्या सोडवून घ्या अशी चिठ्ठी आहे. सोडवून घेईनच. पण अर्ध्या मुलांना छेद वेगळे असलेले अपूर्णांक मिळवता येत नाहीत हे आज दिसलं, त्यामुळे उद्या पहिला तास ते मी फळ्यावर शिकवणार आहे. नाशिकला शिकवायचे तसंच, कागदाच्या पट्ट्या कापून. पट्ट्या आता झोपायच्या आधी कापून ठेवते.