बंद पाकिटातला नैवेद्य

येळवसेच्या, म्हणजे आमच्याकडे शेतात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावस्येच्या, आदल्या दुपारी लातूरच्या घरी तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलो होतो. टरफलांसाठी पसरलेल्या वर्तमानपत्रावर अर्धे पान ‘जाहीर ई-निविदा सूचना’ होती: रस्त्याचे डांबरीकरण, बयाणा रक्कम आणि शेवटी, कोणतीही निविदा कारण न देता नाकारण्याचा अधिकार राखून ठेवल्याचे नेहमीचे वाक्य. आमच्याकडचे गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, निविदा म्हणत नाहीत; ते टेंडर भरतात.

टेंडर हा शब्द ताणणे, पुढे करणे अशा अर्थाच्या ‘तेन्देरे’ या लॅटिन क्रियापदावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. कोवळ्या, नाजूक अर्थाचा टेंडर ‘तेनेर’ या निराळ्या लॅटिन शब्दावरून आला. या दोघांची जवळची सोयरीक नाही, हे गुत्तेदारांकडे पाहून सहज पटते. इंग्रजीत राजीनामाही टेंडर करतात आणि चलनही ‘लीगल टेंडर’ असते, म्हणजे देणे फेडताना कायद्याने चालणारे. त्यालाही हद्द आहे: २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे आठ आण्यांची नाणी फक्त दहा रुपयांपर्यंतच चालतात. निजामाच्या राज्यात वाढलेले आजोबा मात्र जुना व्यवहार सांगताना रुपया हाली (निजामाचा) होता की कलदार (इंग्रजांचा), हे आधी स्पष्ट करीत.

निविदा हा शब्द मला बरीच वर्षे कोरडा, सरकारी वाटत असे. मग कळले की निविदा, निवेदन आणि नैवेद्य ही ‘नि’ उपसर्ग लागलेल्या एकाच ‘विद्’ धातूची भावंडे आहेत. येळवसेला कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, चुन्याने रंगवलेल्या पाच दगडांच्या पांडवांपुढे, आजी भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील मांडत असे. शेताच्या वाटेवर बिंदग्याचे, म्हणजे आंबिलाच्या मडक्याचे, फडके सैल करून मी आंबिलाचा वास घेतला, तेव्हा तिने पाठीत धपाटा घातला होता. पांडवांपुढे उघडेपर्यंत पाकीट बंदच हवे, हा तिचा नियम कोणत्याही कार्यालयापेक्षा कडक होता. सर्वांत कमी दराचा नैवेद्य स्वीकारला जातो, असे कोणी म्हटले असते तर तिने त्याला कोपीत शिरू दिले नसते.

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याआधीच्या येळवसेला आमच्या रानात धसकटांखेरीज काही नव्हते. आजीने नेहमीइतकेच उंडे वळले, बिंदगे तसेच फडक्याने बांधले, पांडवांपुढे सगळे मांडले आणि कारण विचारले नाही.