आमची वाटचाल : टँकरच्या गावातला समुद्र

लातूरमध्ये खाऱ्या पाण्याच्या माशांचं आणि कोरलचं (प्रवाळाचं) दुकान चालतं, यावर मुंबई-पुण्याकडची माणसं पटकन विश्वास ठेवत नाहीत. "तिथं प्यायला पाणी नाही, समुद्र कुठून आणता?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता उत्तर लिहूनच ठेवावं म्हटलं.

२००९ साली औसा रोडला दहा बाय बाराच्या गाळ्यात सुरुवात केली. तेव्हा गोल्डफिश, फ्लॉवरहॉर्न आणि काचेचे बाउल विकत होतो. खाऱ्या पाण्याचं वेड आमच्या दाजींचं. त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं काम होतं, हात सोन्याचा. मुंबईला कुणाच्या तरी घरी रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरलची टाकी, बघून आले आणि रात्रभर तेच बोलत बसले. स्वतःचे चाळीस हजार घातले आणि भागीदार झाले.

पहिला स्किमर, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र, त्यांनीच केला. चार इंची ॲक्रिलिकचा पाइप, खाली लाकडी एअरस्टोन, वर पाण्याच्या बाटलीचं तोंड कापून केलेला कप. दुसऱ्या दिवशी सकाळी कपात उसाच्या मळीसारखं काळपट पाणी साचलेलं, वास असा की शेजारचा झेरॉक्सवाला बघायला आला. दाजी मात्र तो कप हातात घेऊन हसत उभे. तेवढी घाण टाकीतून बाहेर आली होती ना! तो स्किमर आजही चालू आहे. मधल्या काळात तीस-तीस हजारांचे तयार स्किमर आम्ही विकले, पण क्वारंटाइनच्या टाकीवरचा दाजींचा स्किमर काढायची माझी हिंमत झाली नाही.

चुकाही मोठ्या झाल्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसला टेकतो, टाकीचं पाणी बत्तीसवर जातं आणि कोरल पांढरं पडतं. २०१० च्या उन्हाळ्यात दाजींनी जुन्या विंडो एसीची कॉइल काढून सम्पमध्ये, म्हणजे टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीत, बुडवली. पाणी सव्वीसवर आलं, आम्ही पेढे वाटले. दोन दिवसांत सगळी कोळंबी मेली, मग गोगलगाई, मग कोरल बंद. कॉइल तांब्याची होती. खाऱ्या पाण्यात तांबं उतरतं आणि बिनकण्याच्या जिवांना ते विषच. त्या टाकीतला खडक आणि वाळू सगळी फेकावी लागली. त्यानंतर टायटॅनियमच्या कॉइलचा चिलर घेईपर्यंत आम्ही फक्त पंख्यांवर भागवलं. पंख्याचं काम आपल्या कोरड्या हवेत किनाऱ्यावरच्या दमट हवेपेक्षा कितीतरी चांगलं होतं, सहज तीन अंश उतरतात. बदल्यात तीनशे लिटरच्या टाकीतून दिवसाला आठ-दहा लिटर पाणी उडतं. उडतं ते गोडं पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती आरओच्या साध्या पाण्याचीच, खाऱ्या पाण्याची नव्हे. हे मी रोज एकाला तरी सांगतो.

आडतवाले काका आमच्याकडे २०११ मध्ये आले, नातवाला गोल्डफिश घ्यायला. समोरच्या टाकीत क्लाउनफिशची जोडी लेदर कोरलमध्ये अंग घासत होती. काका स्टूल ओढून बसले ते दीड तास. क्लाउनफिश जन्मतः सगळे नर असतात, जोडीतला मोठा पुढे मादी होतो, हे सांगितल्यावर त्यांनी तीनदा विचारून खात्री करून घेतली. महिन्याभरात त्यांच्या घरी पाचशे लिटरची टाकी लागली. तरी मी दीड महिना एकही मासा दिला नाही. विषारी अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊन ठरल्याशिवाय मासा सोडायचा नाही, हा आमचा नियम. दुसरा कुणी गिऱ्हाईक असता तर निघून गेला असता. काका दर रविवारी रिकामी टाकी बघत बसायचे आणि पाण्याच्या टेस्टचे आकडे आडतीच्या लाल वहीत लिहायचे. सोयाबीन आणि तुरीच्या भावाखाली अल्कलिनिटी ८.५, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३००. अशी वही मी दुसरीकडे कुठेच पाहिलेली नाही.

२०१३ मध्ये गावात दुसरं दुकान निघालं. नाव घेत नाही. स्पर्धा असावी, त्याबद्दल तक्रार नाही. पण दगडी कोरल २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि ते तिथे आतल्या खोलीत 'इंपोर्टेड' म्हणून विकलं जायचं. आम्ही मशरूम, लेदर, झोआंथिड या मऊ कोरलच्या पुढे कधी गेलो नाही, खडकही कोरडाच वापरला. लोक म्हणायचे, त्यांच्याकडे व्हरायटी आहे. सहा महिन्यांत त्यांची टाकी बसली की तेच लोक पाण्याची बाटली घेऊन आमच्याकडे. आम्ही टेस्ट करून द्यायचो, फुकट.

आता २०१६. मांजरा धरण कोरडं पडलं, नळाला महिना-महिना पाणी नाही. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी स्वतः स्टेशनवर होतो.

दुकानात तेव्हा चोवीसशे लिटर खारं पाणी होतं. आठवड्याला दहा टक्के बदलायचं म्हणजे अडीचशे लिटर. आरओतून एक लिटर चांगलं पाणी निघताना तीन लिटर वाया जातं, म्हणजे हजार लिटर कच्चं पाणी लागणार. दाजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, वाया जाणारं पाणी गटारात जाणार नाही. पाइपाखाली निळा ड्रम लावला. गल्लीतल्या बायका भांड्याला, धुण्याला ते पाणी न्यायच्या. पाणी बदलायचं तीन आठवड्यांवर नेलं, माशांचं खाणं एक दिवसाआड केलं, फिल्टरमधला कार्बन वाढवला.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तो फोटो फिरला. आमच्या पाइपातून पाणी पडतंय, खाली ओळ : 'लातूर तहानलेलं, इथे माशांची आंघोळ.' दुपारी त्या दुसऱ्या दुकानाचा मालक 'मिठाचा भाव काय लावलाय' विचारायला आला होता, मोबाइल हातात होता. संध्याकाळपर्यंत फोटो शंभर ग्रुपवर. रात्री पंचवीस-तीस माणसं शटरसमोर. त्यांच्यावर माझा राग नाही. ज्याच्या घरातली लेकरं घागरी घेऊन रांगेत उभी आहेत, तो माणूस असा फोटो बघून चिडणारच. पण ड्रम भरून नेणारी एकही व्यक्ती त्या वेळी पुढे येऊन बोलली नाही, हे मी विसरलेलो नाही. अकरा दिवस शटर खाली. दाजी मागच्या दाराने जाऊन मोटारी बघायचे.

तिसऱ्या दिवशी काकांचा फोन. "दुकान बंद करलालास म्हणं? गोदामात जागा हाय, बोअरला दोन इंच पाणी हाय. उचल सगळं अन् आण हिकडं."

गोदामात हरभऱ्याची पोती लावलेली होती. धान्यात किडीच्या गोळ्या टाकतात, त्यांचा वायू एअरपंपातून टाकीत गेला तर एक मासा वाचत नाही. हे मी चाचरत सांगितलं. काकांनी त्या आठवड्यात हरभरा विकून गोदाम रिकामं केलं. त्या वर्षी पुढे हरभऱ्याचा भाव किती वर गेला, हे आडतीतल्या माणसाला सांगायला नको. मी विषय काढला की ते हात झटकायचे.

दोन रात्रींत थर्माकोलच्या खोक्यांतून आम्ही चौदा टाक्यांमधले जीव तिकडे हलवले. एका थेंबानंतर दुसरा थेंब, असं दोन तास पाणी जुळवून एकेक मासा सोडला. मोठं लेदर कोरल, पाच वर्षं वाढवलेलं, टिकलं नाही. टँग मासे गेले, निम्मे झोआंथिड गेले. क्लाउनची जोडी वाचली. पावणेचार लाखांचं नुकसान झालं. बायकोच्या पाटल्या त्यातच गेल्या.

त्यानंतर २०१७ च्या मे महिन्यात माशांच्या दुकानांसाठी नवे नियम आले, १५८ जातींवर बंदी, त्यात क्लाउनफिशही. पुढे ते मागे घेतले गेले, पण तोवर आम्ही फक्त मीठ, फिल्टरचा मीडिया आणि टाक्यांची देखभाल यांवर जगलो. नंतरची वर्षं चांगली गेली. लॉकडाउनमध्ये तर गिऱ्हाईक वाढलंच.

नवीन मुलं दुकान काढायचं म्हणून विचारायला येतात. त्यांना मी पहिल्यांदा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्याचा खारेपणा मोजायचं यंत्र, हातात देतो. काचेवर दोन थेंब, झाकण हलकेच दाबायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, उजेडाकडे धरायचं. निळ्या-पांढऱ्याची सीमा १.०२५ वर दिसली पाहिजे. दर आठवड्याला आधी ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) द्रावणावर जुळवून घ्यायचं, नाहीतर ते यंत्रच तुम्हाला फसवतं. जे मोजता येत नाही ते टाकीत घालू नका. झोआंथिडचा खडक साफ करताना हातमोजे घाला, डोळे जपा, आणि तो खडक कधीही उकळू नका. त्यातल्या विषाने, वाफेने माणसं दवाखान्यात गेली आहेत. आणि उधारी देऊ नका. पहिल्या टाकीला तर नाहीच.

काका २०२१ मध्ये गेले. त्यांची टाकी घरच्यांनी आम्हाला दिली, लाल वहीसकट. क्लाउनची जोडी त्यातच आहे, अजून खडकाच्या उतारावर नारिंगी अंडी घालते.

ते दुसरं दुकान कधीच बंद पडलं. त्याचा मालक मागच्या वर्षी आला होता, घरच्या टाकीसाठी मिठाची गोणी हवी होती. दिली, रीतसर बिल करून. फोटोबद्दल तो काही बोलला नाही, मीही नाही. तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. नीट बघितलं तर कळतं, खालची कड कापलेली आहे, ड्रम दिसू नये म्हणून. पाइप आजही त्याच जागी आहे आणि त्याच्याखाली तोच निळा ड्रम आहे.