स्प्रिंग बदलताय? मग शॉकअपही त्याच दिवशी बदला

बेळगावहून चोर्ल्याकडे जाताना जांबोटी मागे पडून गाडी कणकुंबीच्या चढाला लागली की सस्पेन्शनचा खरा हिशेब सुरू होतो. वळणात गाडी कलते, खड्ड्यात आपटते, आणि मालक ठरवतो: खाली बसवायची. मग सगळ्यात आधी लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे आखूड आणि ताठ स्प्रिंग, येतात. शॉकअप मात्र कंपनीचेच राहतात. इथेच पैसे वाया जातात.

गाडीचं वजन पेलायचं काम स्प्रिंगचं. दबलेली स्प्रिंग परत उसळते तेव्हा तिला आवरायचं काम शॉकअपचं. स्प्रिंग ३० टक्के ताठ केली, तर तेवढाच आवर ठेवायला शॉकअपचा रोध साधारण १४ टक्के वाढावा लागतो, कारण तो ताठरपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. जुना शॉकअप तिथे कमी पडतो. खड्ड्यातून बाहेर आल्यावर बोनेट एकदा डुलून थांबायला हवं. ते दोन-तीनदा डुललं की समजावं, स्प्रिंगला कुणी धरत नाही.

दुसरी गोष्ट जागेची. समजा, मूळ गाडीत बंप स्टॉपला, म्हणजे शेवटचा धक्का झेलणाऱ्या रबराला, टेकेपर्यंत ६० मिमी जागा आहे. गाडी ३० मिमी खाली आणली तर उरली निम्मी. मग प्रत्येक खड्ड्यात बंप स्टॉप मार खातो, रबराचे तुकडे पडतात, आणि शॉकअपचा सील गळायला लागतो. म्हणून कमी लांबीच्या बॉडीचे, लोअरिंगसाठीच बनवलेले शॉकअप घ्यावेत.

किती खाली? आपल्याकडे २५ मिमी पुरे, असं आमचं ठाम मत आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. गावातल्या रस्त्यावरचे तसे थोडेच असतात? उंची तीच किंवा जास्त, रुंदी हातभर. त्यावर गाडीचं पोट टेकतं. शिवाय मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात) लोअर आर्म, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, आडवा असतो तोवर ठीक. चाकाकडचं टोक वर गेलं की रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्याहून जास्त खाली घसरतं. मग गाडी दिसायला बसकी, पण वळणात आधीपेक्षा जास्त कलू पाहणारी, असं होऊन बसतं.

गॅस कटरने वेटोळं कापायचा उद्योग करू नका. कामाच्या ६ वेटोळ्यांतलं एक गेलं की ताठरपणा २० टक्के वाढतो, तापलेल्या जागी पोलादाचं पाणी उतरतं, आणि कापलेलं टोक सीटमध्ये नीट बसत नाही. नवी स्प्रिंग घेताना तारेची जाडी व्हर्नियरने मोजा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीनवर काम केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको: बाकी मापं तीच ठेवून तार १२ ची १३ मिमी झाली, तर ताठरपणा सुमारे ३८ टक्के वाढतो. जाडी चौथ्या घातात मोजली जाते.

आता काम. चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर आधी लिहून ठेवा. लाल चिखलाने जाम झालेले बोल्ट तारेच्या ब्रशने साफ करून आदल्या रात्री गंज सुटायचं तेल मारून ठेवावेत. गाडी जॅकवर नव्हे, स्टँडवर, पक्क्या फरशीवर. लिंक रॉड (स्ट्रटला अँटी-रोल बारशी जोडणारी कांडी) सोडा, एबीएसची वायर आणि ब्रेकचा होज क्लिपमधून मोकळा करा. कॅलिपर काढावा लागला तर तो होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा.

स्ट्रट बाहेर आला की स्प्रिंग कंप्रेसरचे दोन हूक बरोबर समोरासमोर लावा आणि दोन्ही बाजू थोड्या थोड्या, आलटून पालटून आवळा. स्प्रिंग सीटमध्ये सैल फिरायला लागेपर्यंत मधल्या नटाला हात लावायचा नाही. दबलेली स्प्रिंग सुटली तर हात-तोंड फोडते. हा नट एअर गनने आवळला की रॉड आतल्या आत फिरतो आणि सील फाटतो. रॉड ॲलन कीने धरून नट हाताने आवळावा. चकचकीत रॉडला पक्कड लावली की त्यावर ओरखडा आलाच, आणि त्या ओरखड्यातून तेल.

ट्विन ट्यूब (नळीत नळी असलेला) शॉकअप बसवण्याआधी उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबा, पूर्ण ओढा. आडवा पडून राहिल्याने आतल्या नळीत शिरलेली हवा निघते. टॉप माउंट (स्ट्रटला वर बॉडीशी जोडणारा भाग), त्याचं बेअरिंग, बंप स्टॉप आणि धूळ अडवणारं रबर नवंच घाला. पुन्हा उघडायची मजुरी त्यापेक्षा महाग पडते. स्प्रिंगचं टोक सीटच्या खाचेला टेकलं पाहिजे, आणि तिच्यावरची अक्षरं सुलट वाचता आली पाहिजेत.

सगळ्यात जास्त चूक होते ती शेवटी. लोअर आर्म किंवा मागच्या ॲक्सलचे रबरी बुशचे बोल्ट सोडले असतील, तर चाकं लोंबत असताना ते पूर्ण आवळले जातात. गाडी खाली उतरली की रबर कायम पिळलेलं राहतं आणि पुढे फाटतं. म्हणून आधी हातघट्ट ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, पुढे-मागे ढकलून हलवा, आणि मगच मेस्त्रीला टॉर्क पाना लावू द्या, तोही त्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर.

स्प्रिंग बसायला काहीशे किलोमीटर लागतात. अलाइनमेंट त्याच दिवशी करा, ५०० किलोमीटरनंतर पुन्हा. उंची बदलल्याने टो, म्हणजे चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, बिघडतो आणि टायरची आतली कड झिजते, बाहेरून ते दिसतही नाही. हेडलाइटचा झोतही तेव्हाच लावून घ्या. स्टिअरिंग फिरवताना टक असा आवाज आला तर स्प्रिंगचं टोक किंवा टॉप माउंटचं बेअरिंग बघा; सरळ रस्त्यावर बारीक खडखड असेल तर लिंक रॉडचे नट.