सही माझी चालणार नव्हती

मार्च २०२०चा पहिला आठवडा. कोरोना उंबऱ्यापर्यंत आला होता, पण न्यूयॉर्कमधल्या आमच्या ॲस्टोरियात अजून सगळे बिनमास्कचे फिरत होते. ऑफिसातून येऊन ३०व्या ॲव्हेन्यूच्या स्टेशनचा जिना उतरले, तर खाली एक मुलगी थंडीत नाक ओढत उभी. हातात क्लिपबोर्ड, त्यावर हिरवागार कागद.

"विधानसभेच्या उमेदवारासाठी सही द्याल?"

आपल्याकडे तिकीट कोणाला, हे दिल्लीत नाहीतर एखाद्या बंगल्यावर ठरतं. इथे ते पक्षाचे मतदार ठरवतात, प्रायमरीत. पण प्रायमरीच्या मतपत्रिकेवर नाव यायलासुद्धा मतदारसंघातल्या पक्षाच्या मतदारांच्या ५०० सह्या लागतात (त्या वर्षी पुढे कोरोनामुळे हा आकडा बराच खाली आणला). डेमोक्रॅटिक पक्षाचा सह्यांचा कागद हिरवा. मी म्हटलं, माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, मत नाही. तिने पेन मागे घेतलं आणि एक पत्रक पुढे केलं. "भाडं तर भरता ना?"

तो उमेदवार म्हणजे झोहरान ममदानी. आज ही ओळख करून द्यायला नको, १ जानेवारी २०२६पासून तो न्यूयॉर्कचा महापौर आहे. तेव्हा मात्र २८ वर्षांचा, कर्ज थकलेल्यांची घरं जाऊ नयेत म्हणून त्यांना सल्ला देण्याचं काम केलेला पोरगा. आमच्या घरी ओळख एवढीच की मीरा नायरचा मुलगा. समोर ॲरावेला सिमोटास, २०११पासून आमदार, ग्रीक वंशाच्या. आणि ॲस्टोरिया म्हणजे जुना ग्रीक मोहल्ला. माझी घरमालकीणही ग्रीक. ती म्हणाली, "हा पोरगा कोण? उगाच."

पत्रकाचा फोटो डोंबिवलीला आईला पाठवला. तिचा पहिला प्रश्न: "अगं, हा आमदार रस्त्यातल्या खड्ड्यांचं बघणार का?"

नाही, आई. खड्डे शहराकडे. पण गंमत अशी की आमच्या गल्लीतल्या बाकी बऱ्याच गोष्टी शहराकडे नाहीतच. मेट्रो आणि बस चालवणारी एमटीए राज्याची. भाडेनियंत्रणाचा कायदा राज्याचा. श्रीमंतांवर आयकर वाढवायचा तर महापौरालाही अल्बनीपुढे हात पसरावा लागतो. अल्बनी म्हणजे राज्याची राजधानी, इथून जवळजवळ अडीचशे किलोमीटर. १५० जणांची विधानसभा, मुदत फक्त दोन वर्षं. म्हणजे निवडून आल्यावर हार सुकायच्या आत पुढच्या सह्या गोळा करायच्या. मुंबईकर पालिका आणि मंत्रालय या खेळाला सरावलेला असतो, त्याला हे लगेच कळेल.

त्याचा भर तीन गोष्टींवर होता: घरं, पोलीस-तुरुंगातल्या सुधारणा आणि वीज. पोलिसांबद्दलची भाषा मला तेव्हाही घोषणेसारखी वाटली, आजही वाटते. विजेचं मात्र लगेच पटलं. आमच्या उत्तरेला नदीकाठी वीजकेंद्रं आहेत, वारा तिकडून आला की खिडकी लावून घेणारे शेजारी माझ्या मजल्यावर होते. तिथे जुनी यंत्रं काढून गॅसवर चालणारं नवं केंद्र उभारायचा बेत होता. त्याला विरोध आणि वीज सार्वजनिक मालकीची करा, ही मागणी.

जूनमध्ये मतदान झालं. टपालाने आलेली मतं मोजत बसल्यामुळे निकालाला महिना गेला आणि सिमोटास जेमतेम चारशेच्या आसपास मतांनी हरल्या. घरमालकीण दोन दिवस बोलली नाही, जणू मीच पाडलं.

पत्रक मी फ्रिजवर लावून ठेवलं होतं. आमदारकीच्या पाच वर्षांत त्यातलं काय झालं? गॅसकेंद्राला राज्याच्या पर्यावरण खात्याने ऑक्टोबर २०२१मध्ये परवानगी नाकारली, २०१९च्या हवामान कायद्याचा आधार घेऊन. त्यात लढा अनेकांचा, तो त्यातला एक. मे २०२३मध्ये राज्याच्या स्वतःच्या वीजसंस्थेला सौर आणि पवनऊर्जा प्रकल्प उभारायची मुभा देणारा कायदा झाला. तरी माझं बिल अजून खासगी कंपनीच पाठवते.

घराचं तर मजेशीरच. एप्रिल २०२४मध्ये, बरीच वर्षं रखडलेला, भाडेकरूला विनाकारण काढता येणार नाही असा कायदा आला. एका वर्षात भाडं १० टक्के, किंवा महागाई अधिक ५ टक्के, यातलं जे कमी त्याच्यापेक्षा जास्त वाढवलं तर ते अवाजवी धरायचं. मी आनंदाने घरमालकिणीला सांगायला गेले. तिने चष्मा लावला, भाचीने छापून आणलेला कागद काढला आणि बोट ठेवलं: दहा किंवा त्याहून कमी घरं असलेल्या मालकांना सूट. आमच्या इमारतीत तीन घरं. त्याच संध्याकाळी तिने भाडं वाढवलं आणि वर पालक भरलेली पेस्ट्री दिली. पेस्ट्री चांगली होती, हे कबूल करायला हवं.

सगळ्यात जास्त गाजलं ते पहिल्या यादीत ठळक नव्हतंच. २०२१मध्ये टॅक्सीचालक परवाना घ्यायला काढलेल्या कर्जाखाली पिचले होते, त्यात आपले पंजाबी आणि बांगलादेशी किती तरी. सिटी हॉलसमोर उपोषण झालं, ममदानीही १५ दिवस उपाशी बसला. शेवटी शहराने कर्जाची हमी घेतली आणि महिन्याचा हप्ता १,१२२ डॉलरच्या आत आला. आमदाराच्या अधिकाराचा यात काडीचाही संबंध नाही, टॅक्सी शहराची. पण तिथे बसायला अधिकार लागत नव्हता.

मग बस, ही त्याने लावून धरलेली मागणी. सप्टेंबर २०२३पासून जवळजवळ वर्षभर पाच बसमार्ग फुकट, शहराच्या पाच विभागांत एकेक. आमच्या क्वीन्स विभागातला होता क्यू-४. तो माझ्या वाटेवर नाही, एका रविवारी मुद्दाम जाऊन बसले. पैसे घ्यायच्या यंत्रावर कव्हर चढवलेलं, लोक मागच्या दारानेही चढत होते, आणि एक आजी तरीही कार्ड टेकवायला जागा शोधत होती. एमटीएच्याच आकड्यांनुसार प्रवाशांच्या फेऱ्या कामाच्या दिवशी ३० टक्क्यांनी वाढल्या, शनिवार-रविवारी ३८. पण बऱ्याचशा त्याच प्रवाशांच्या जास्त फेऱ्या, बस काही वेगाने धावू लागल्या नाहीत. ऑगस्ट २०२४मध्ये प्रयोग संपला, अल्बनीने पुढे पैसे दिले नाहीत. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्याकडे एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, एका घोषणेत झालं." खरंय, मार्च २०२३मध्ये. एका घोषणेत होण्यातली सोय मलाही कधीकधी हवीशी वाटते. मग बजेट कोण भरतं, हे आठवून गप्प बसते.

यंदा मार्चमध्ये त्याच जिन्याखाली पुन्हा क्लिपबोर्ड दिसला, पुन्हा हिरवा कागद. या वेळी मी ताठ मानेने पुढे झाले. गेल्या वर्षी नागरिकत्व मिळालंय, शपथ घेतली त्याच दिवशी मतदार नोंदणीचा अर्ज भरलाय.

"डेमोक्रॅट म्हणून नोंद आहे ना?" मुलाने विचारलं.

अर्जात पक्षाचा रकाना होता. मी विचार केला होता, आपण कशाला कोणाच्या पंगतीत बसा, आणि 'कोणताही पक्ष नाही' वर खूण केली होती. न्यूयॉर्कमध्ये प्रायमरी फक्त पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांसाठी. सहीसुद्धा त्यांचीच.

त्याने पेन मागे घेतलं आणि पत्रक पुढे केलं.