ओले ठेव, बुडवू नको

पहिल्यांदा मी खेकडे मारले ते पाणी घालून.

हेतू अगदी उलटा होता. मित्र संध्याकाळी दारात येऊन ओली पिशवी हातात ठेवून गेला. तासाभरापूर्वी स्वतः पकडलेले अकरा खेकडे. रांधायचे होते दुसऱ्या दिवशी दुपारी. मधली एक रात्र त्यांना जिवंत ठेवायचं, एवढंच माझ्याकडे काम. त्याची पाठ वळताच मी घरातली सगळ्यात मोठी बादली काढली, नळाखाली काठोकाठ भरली आणि एकेकाला चिमट्याने धरून आत सोडलं. पाण्यातला जीव पाण्यात ठेवला, यात चुकायला जागाच कुठे होती? झोपण्यापूर्वी टॉर्च मारून कौतुकाने बघूनही आलो. शांत बसले होते. रुळले बिचारे, असं मनाशी म्हणालो.

सकाळी अकराच्या अकरा तळाशी. पाय लुळे, पाणी गढूळ आणि न्हाणीघरात असा वास, की मी दार परत लावून घेतलं.

मित्राला फोन केला. तो आधी काही बोललाच नाही. मग म्हणाला, "बुडवलेस?"

"पाण्यात ठेवले होते रे."

"तेच विचारतोय. ओले ठेवायचे असतात, बुडवायचे नसतात."

घरी आत्या आलेली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि चहाचा कप खाली न ठेवता विचारलं, "पाण्यातल्या जिवाला पाण्यात बुडवून मारलंस? कमालच केलीस रे."

तेव्हा लाज वाटली. पुढे त्यामागचं कारण कळलं तेव्हा मात्र गंमत वाटायला लागली. खेकड्याला कल्ले असतात, माशासारखेच. पण ते कवचाच्या आत, दोन्ही बाजूंच्या पोकळीत दडलेले. नांग्यांच्या बुडाशी असलेल्या फटींतून पाणी आत येतं, कल्ल्यांवरून फिरतं आणि तोंडाजवळून बाहेर पडतं. हे पाणी ओढायला आत एक छोटं वल्हं असतं, ते सारखं हलत राहतं. आता हा प्राणी बाहेर काढला तरी त्या पोकळीत थोडं पाणी उरतंच. कल्ले ओलसर आहेत तोवर हवेतला प्राणवायू त्या ओलीत विरघळतो आणि त्याचं भागतं. आणि हवा म्हणजे काय साधं भांडार आहे? एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. तेवढ्याच समुद्राच्या पाण्यात, २५ अंश तापमानाला, जेमतेम सात. समुद्र मोठा, लाटा त्याला घुसळत असतात, म्हणून तिथे सातात भागतं. माझ्या बादलीतलं पाणी मात्र उभं होतं आणि त्यात अकरा जण श्वास घेत होते. जे शांत बसलेले मला रुळल्यासारखे वाटले, ते गुदमरत होते.

शिवाय पाणी नळाचं. खाऱ्या पाण्यातल्या जिवाचं अंगही खारं. त्याला गोड्या पाण्यात टाकलं, की ते पाणी अंगात घुसत जातं आणि अंगातले क्षार बाहेर निसटत जातात. नदीनाल्यातले खेकडे गोड्या पाण्यात जन्मभर सुखाने राहतात, खाडीच्या तोंडाशी राहणारे दोन्हीकडचं थोडं थोडं सोसतात. पण खुल्या समुद्रातल्याला नळाखाली धरणं म्हणजे विषच. आपण तहानलेल्याला पाणी देतो त्या मायेने मी दोन्हीकडून त्यांचा जीव घेतला होता.

दुसऱ्या खेपेला नऊ आले. या वेळी मी शहाणा होतो. शहाणा म्हणजे मित्राने सांगितलेलं तंतोतंत करणारा. रुंद टोपली घेतली. खाली ओलं गोणपाट, वर खेकडे, त्यांच्यावर पुन्हा ओलं गोणपाट. ओलं म्हणजे घट्ट पिळलेलं. टोपलीच्या तळाशी पाणी साचता कामा नये, नाहीतर परत बादलीच. भिजवायला पाणीसुद्धा मित्रानेच दिलं होतं, त्यांच्याच ठिकाणचं, बाटलीत भरून. हवा खेळती हवी, म्हणून डबा नाही, प्लास्टिकची पिशवी तर मुळीच नाही.

आणि जागा सावलीची, गार. गार म्हणजे फ्रिज नव्हे. थंड समुद्रातल्या खेकड्यांना फ्रिज चालतो, पण उष्ण प्रदेशातल्यांना ती चार अंशांची थंडी मानवत नाही, सकाळपर्यंत मरगळून मरायला टेकतात. बर्फावर थेट ठेवणं तर त्याहून वाईट. तो वितळतो, आणि वितळलेला बर्फ म्हणजे पुन्हा गोडं पाणीच. सगळ्या वाटा फिरून माझ्या त्या बादलीपाशी येतात.

नांग्या मित्राने आधीच बांधल्या होत्या. सुतळीचा एक वेढा नांगीला, एक पाठीवरून, गाठ मागे. हे आपल्या बोटांसाठी असतं असं मला वाटायचं. तेवढंच नाही. एका टोपलीत नऊ जण कोंबले, की ते एकमेकांशीच भांडतात, आणि त्यात एखाद्याने नुकतंच कवच टाकलेलं असेल तर त्या मऊ अंगाच्याची खैर नाही. एकाची गाठ सैल वाटली म्हणून मी ती आवळायला गेलो. नांगी धरली, जरा जोर लावला आणि ती अख्खी माझ्या हातात आली. तुटल्याचा आवाज नाही, झटापट नाही. बुडाशी ठरलेल्या एका रेषेवर ती सुटली. तिथे पातळ पडदा असतो, तो लगेच मिटतो, रक्तही फारसं जात नाही. हे रक्त हवेत निळसर दिसतं, कारण त्यात लोहाऐवजी तांबं असतं. नांगी टाकणे हा वाक्प्रचार आपण हार मानणाऱ्यासाठी वापरतो. तो विंचवावरून आला असेल, मला वाद घालायचा नाही. पण ज्याने माझ्या हातात खरोखरची नांगी टाकली तो हारलेला अजिबात नव्हता. हात गेला तरी बेहत्तर, बाकीचा मी निघालो, असा त्याचा रोख होता. पुढे दोनचार वेळा कवच बदललं की नवी नांगीही फुटते. एवढा वेळ त्याच्यापाशी नव्हता, ही गोष्ट वेगळी.

रात्री दिवा मालवला आणि आवाज सुरू झाले.

खेकडे जिवंत आहेत की नाहीत याची काळजी करणाऱ्याला एवढंच सांगतो, की जिवंत असतील तर कळतं. खर्रर्र, मग थोडी शांतता, मग टोपलीच्या वेताला नख लावल्यासारखी टकटक. मधूनच बारीक फसफस. पहिल्यांदा ती ऐकली तेव्हा उठून बघायला गेलो. गोणपाट उचललं तर दोघांच्या तोंडाशी बुडबुड्यांचा फेस जमलेला. मला वाटलं, दमले, तोंडाला फेस आला. तसं नव्हतं. कल्ल्यांजवळचं उरलंसुरलं पाणी ते वल्हं तोंडाशी आणतं, त्यात हवा मिसळते, ते पुन्हा अंगावरून आत जातं. तेच तेच पाणी पुन्हा वापरायची युक्ती. काटकसर म्हणतात ती अशी. मी बाटलीतलं पाणी हातावर घेऊन गोणपाटावर शिंपडलं. फसफस कमी झाली. कुणाला तरी घोटभर पाणी दिल्याचं समाधान घेऊन परत येऊन पडलो, आणि मग लक्षात आलं, की मी नक्की कसलं समाधान मानून घेतोय.

उद्या दुपारी ज्यांना पातेल्यात घालायचं, त्यांच्या उशाशी रात्री दोनला पाणी घेऊन उभा राहणारा माणूस स्वतःला काय म्हणवून घेणार? यजमान म्हणावं तर पाहुण्यांना दगा. निर्दय म्हणावं तर एवढी उस्तवार कोण करतं? शिवाय ही उस्तवार त्यांच्यासाठी नव्हतीच. खेकडा मेला की त्याच्याच पोटातल्या ग्रंथीतले पाचक रस बाहेर झिरपतात आणि त्याचंच मांस आतून पचवायला लागतात. बरोबर जिवाणू वाढतात. उष्ण हवेत काही तासांत मांस पिठूळ होतं, अमोनियासारखा वास येतो, आणि मग ते उकळून शुद्ध करू म्हणणं हा पोटाशी खेळ आहे. म्हणून मेलेला टाकायचा. शंका आली तर डोळ्याजवळ हलकेच काडी न्यायची. जिवंत असेल तर डोळा खाचेत ओढून घेतो. मी रात्रीतून तीनदा नऊ जणांच्या डोळ्यांपाशी काडी नेली. इतकी चौकशी मी घरच्या आजारी माणसाचीही केलेली नाही.

त्यांना दुखतं का, हा प्रश्न पूर्वी हसण्यावारी जायचा. आता तसा जात नाही. २०१३ साली बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत बॅरी मॅगी आणि रॉबर्ट एलवुड यांनी किनाऱ्यावरच्या खेकड्यांना उजेडात सोडून दोन अंधाऱ्या आडोशांपैकी एक निवडू दिला. एका आडोशात विजेचा हलका झटका. अंधार खेकड्याला प्रिय, आणि एकदा घर धरलं की तो सहसा बदलत नाही. पण दोनच झटक्यांनंतर त्यातले बरेच जण ते घर सोडून दुसरीकडे वळायला लागले. स्वित्झर्लंडने २०१८मध्ये कवचधाऱ्यांना शुद्धीवर असताना उकळत्या पाण्यात टाकायला आणि जिवंत असताना बर्फावरून न्यायला बंदी केली. ब्रिटनने २०२२च्या कायद्यात खेकडे आणि शेवंड यांना वेदना जाणवणाऱ्या जिवांत धरलं. सगळ्यांचं एकमत झालंय असं नाही. पण रात्री दोनला काडी हातात घेऊन, आत ओढला जाणारा डोळा बघताना, एकमताची वाट बघायची गरज मला तरी वाटली नाही.

म्हणून सकाळी काय करायचं ते मी रात्रीच ठरवून टाकलं. भांड्यात खारं पाणी आणि पुष्कळ बर्फ, म्हणजे पाणी गोडं होत नाही आणि पुरतं थिजवतं. त्यात किमान वीस मिनिटं, हालचाल पूर्ण थांबेपर्यंत. त्यानंतरच सुरी. रात्रभर ज्या थंडीपासून जपलं, तिच्याच हवाली करायचं. यापेक्षा बरं मला सुचलं नाही.

आता टोपलीबद्दल. खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही, एक वर चढला की बाकीचे त्याला खाली ओढतात, ही गोष्ट आपण मराठी लोकांनी स्वतःवर इतक्या भाषणांतून सांगितली आहे, की मला ती प्राणिशास्त्र वाटायला लागली होती. त्या भरवशावर मी टोपलीवर काही ठेवलं नाही. पहाटे चारला काडी घेऊन गेलो तर आठ. पुन्हा मोजले. आठ. कुणी कुणाला ओढत नव्हतं. मधोमध एकमेकांवर चढून त्यांची चांगली उतरंड झाली होती, आणि तिच्यावर पाय देऊन नववा गेला होता. एका नांगीचाच तो. त्याला बांधायला उरलेली सुतळी टोपलीच्या काठावर लोंबत होती.

पुढचा अर्धा तास मी पलंगाखाली, फ्रिजमागे, चपलांच्या खणात टॉर्च मारत फिरलो. चपला उलट्या करून झटकल्या. मिळाला नाही. पाय पलंगावर घेऊन बसून राहिलो.

दुपारी आठांचं जे व्हायचं ते झालं. सगळे शेवटपर्यंत जिवंत होते, आत्याने तेवढ्यापुरतं कौतुकही केलं. नववा वाळून कुठेतरी पडला असेल आणि दोन दिवसांनी वासाने सापडेल, असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

तो तिसऱ्या दिवशी सकाळी सापडला. न्हाणीघराच्या कोपऱ्यात, मोरीच्या बाजूला, लादी पुसायचं जाड फडकं पिळून टाकलेलं असतं, त्याच्या घडीत. मी फडकं उचललं आणि आतून एकच नांगी वर आली. मी तसंच खाली ठेवलं. मग उकिडवा बसून नीट बघितलं. अंधार होता. गारवा होता. फडकं ओलं होतं पण खाली पाणी साचलेलं नव्हतं, मोरीच्या उताराने ते निघून जात होतं. खालून हवा येत होती. मी गोणपाट, टोपली आणि फोनवरच्या सूचना घेऊन जी जागा तयार केली होती, ती याने काळोखात, नवख्या घरात, एका नांगीने शोधून काढली होती. आणि माझ्यापेक्षा चांगली.

मित्राला फोन लावला.

"एक उरलाय," मी म्हणालो. "जिवंत आहे."

"एकाचं काय करणार?"

"तेच विचारतोय. तू परत कधी जाणार आहेस तिकडे?"

तो हसला. "रविवारी. तोवर ओला ठेव."

त्या दिवशी मंगळवार होता. मी बाटलीत उरलेलं खारं पाणी फडक्यावर शिंपडलं आणि लादी पुसायला घरात दुसरं काही आहे का ते शोधायला लागलो.