येडशीच्या माळावरची काळविटं आणि दुर्बिणीचा हिशोब

हरभऱ्याला घाटे धरले की धाराशिव-कळंब भागातली हरणं माळ सोडून रानाच्या कडेला उतरतात. काळवीट बघायचं तर जानेवारीतले हे दिवस सोडू नयेत. धाराशिवहून बीडच्या रस्त्याला लागलं की येडशी हमरस्त्यावरच आहे. येडशी-रामलिंग घाट अभयारण्य तिथंच, पण घाटातल्या झाडीत काळवीट शोधत बसू नका. हा उघड्यावरचा प्राणी, चहूबाजूंनी लांबवर दिसलं तरच त्याचा जीव थाऱ्यावर राहतो. रामलिंगाचं दर्शन घ्या, माकडं बघा, आणि हरणांसाठी बाहेरच्या माळावर या.

आम्ही उजाडायच्या आत गाडी कच्च्या रस्त्याच्या कडेला लावून इंजिन बंद केलं. जवळ तीन नळ्या होत्या: माझी ८x४२ दुर्बीण (आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं), मित्राची जत्रेत मिळते तसली २०x५०, आणि मावसभावानं छऱ्याच्या बंदुकीवरून काढून आणलेली ३-९x४० स्कोप. वीस पट दिसणार म्हणून मित्र खुशीत होता. अंधुक उजेडात त्याला नुसता काळा गोल दिसला.

कारण साधं आहे. पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरला पटीनं भागा, म्हणजे डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ८x४२ ला ती सव्वापाच मिलिमीटर, १०x४२ ला ४.२, आणि २०x५० ला जेमतेम अडीच. पहाटे आपल्या डोळ्यातली बाहुली मोठी झालेली असते, तिथं अडीच मिलिमीटरनं काय भागणार? त्यात वीस पट म्हणजे हाताचा थरकापही वीस पट. तिवईशिवाय ती दुर्बीण शोभेचीच.

ऊन वर आल्यावर दुसरी गंमत कळते. दहाच्या सुमाराला माळ तापायला लागला की हवा थरथरते आणि लांबचं हरीण पाण्यात उभं असल्यासारखं हलतं. पट जितकी जास्त तितकी ही थरथर जास्त. कितीही पैसे मोजले तरी यावर इलाज नाही. बघायचं ते सकाळी नऊच्या आत, नाहीतर उन्हं कलल्यावर.

आठ पटीत मात्र त्या सकाळी भरून पावलो. कळपापासून बाजूला एक काळा नर मान मागं टाकून, पिळदार शिंगं पाठीला टेकवून, कान पाडून माद्यांभोवती फिरत होता. मग बाभळीच्या एका खुरट्या फांदीशी थांबला. डोळ्याखालची काळी चीर उघडली आणि ती त्यानं काडीच्या टोकावर अलगद घासली. ती वासाची ग्रंथी. हद्द आखायची त्याची ही रीत. शिंगावरची वळी मोजता येतील इतकं स्वच्छ दिसत होतं.

तेवढ्यात पाण्याच्या पाळीला निघालेले एक काका थांबले.

"काय बघायलाव जी?"

"हरणं बघायलो, काका."

"मग न्या की घरी. निम्मा हरभरा खाल्ला त्येंनी." एवढ्यात भावाच्या हातातली स्कोप दिसली आणि आवाज बदलला. "बंदूक कुठाय?"

समजूत घालता घालता पुरेवाट झाली. बंदुकीची स्कोप नेऊच नका. एका डोळ्यानं बघायचं, दिसणारा पट्टा अरुंद, आणि वर शिकारी असल्याचा संशय. काळवीट आणि चिंकारा दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. लोक संशय घेतात ते बरोबरच करतात. काकांची तक्रारही खोटी नाही. पीक खाल्लं तर वन विभागाकडे अर्ज करून पंचनामा करून घेता येतो, भरपाई मिळते. पण ती पदरात पडेपर्यंतचे हेलपाटे काकांनाच विचारावेत.

नवी दुर्बीण घेणार असाल तर ८x४२ घ्या. हात स्थिर असेल आणि उघड्या माळावरच फिरणार असाल तर १०x४२ चालेल, त्यापुढं नको. बजेट कमी असेल तर जुन्या धाटणीची, खांद्यापाशी रुंद असलेली पोरो दुर्बीण बघा. त्याच पैशात सरळ नळीच्या दुर्बिणीपेक्षा बहुधा चित्र उजवं मिळतं. चष्मा असेल तर आय रिलीफ, म्हणजे डोळा भिंगापासून जेवढा लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, किमान पंधरा मिलिमीटर हवा, आणि डोळ्याकडच्या रबरी वाट्या खाली करून बघा. दुकानातच उजव्या डोळ्याकडच्या नळीवरची फिरती कडी जुळवून घ्या: आधी उजवा डोळा झाकून मधल्या चाकानं डाव्याला स्पष्ट करा, मग डावा झाकून कडी फिरवा. निम्मे लोक ही कडी हलवतच नाहीत आणि दुर्बिणीला नावं ठेवतात.

गाडीतून उतरू नका. ट्रॅक्टर आणि बैलगाडी हरणांच्या सवयीची असते, गाडीचंही फारसं वाटत नाही, पण पायी येणारं अनोळखी माणूस दिसलं की कळप उधळतो, आणि उधळला की उभ्या हरभऱ्यातून जातो. खिडकीच्या काचेवर तांदळाची छोटी पिशवी ठेवून तिच्यावर दुर्बीण टेकवा. भिंगावर माळाची धूळ बसली तर आधी फुंकणीनं उडवा, कापड नंतर. त्या धुळीत बारीक खडा असतो, रुमालानं पुसलंत तर चरे कायमचे.