ट्रीच्या प्रश्नात नेमकं काय रिटर्न करायचं?

‘रिकर्शन कळतं, तिन्ही ट्रॅव्हर्सल पाठ आहेत, तरी ट्रीचा नवा प्रश्न आला की सुरुवातच का होत नाही?’ प्लेसमेंटची तयारी करणारी मुलं मला हे सतत विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ट्री म्हणजे फांद्यांसारखी पसरत जाणारी माहितीची रचना, तिचा प्रत्येक बिंदू म्हणजे नोड. रिकर्शन म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावणं, आणि ट्रॅव्हर्सल म्हणजे सगळ्या नोडना ठरलेल्या क्रमाने भेट देणं. नोडने आपल्या पालकाला काय कळवायचं आणि प्रश्नाचं उत्तर काय, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. त्या एकच धरून फंक्शन लिहायला बसलं की अडतं.

एक प्रसिद्ध प्रश्न घेऊ. बायनरी ट्रीच्या (यात नोडला फार तर दोन मुलं असतात) प्रत्येक नोडमध्ये एक संख्या आहे, ऋणही असू शकते. कुठल्याही नोडपासून कुठल्याही नोडपर्यंत एक वाट धरायची, एकही नोड दोनदा घ्यायचा नाही. वाटेवरच्या संख्यांची बेरीज जास्तीत जास्त किती येईल?

कागदावर काढा. रूट, म्हणजे सगळ्यात वरचा नोड, ५. त्याच्या डावीकडे −३, उजवीकडे २. त्या −३ला दोन मुलं, ८ आणि ६. बाकी काही नाही.

आता −३ पाशी उभे राहा. ८ वरून येऊन −३ मधून ६ कडे उतरलं, तर बेरीज ११. हा मोह पडतो, आणि बरेच जण तेच ११ वर पाठवून देतात. मग रूटवर ५ + ११ + २ असे १८ होतात. पण १८ ची वाट दाखवा म्हटलं तर दाखवता येत नाही, कारण −३ पाशी तिला फाटा फुटलेला आहे. पालकापर्यंत जाणाऱ्या वाटेला खाली एकच फांदी निवडता येते. म्हणून −३ ने वर कळवायचं ते −३ + ८ = ५. आणि ११? ते ‘आतापर्यंतचं सर्वांत मोठं’ म्हणून बाजूला नोंदवून ठेवायचं. मग रूटवर ५ + ५ + २ = १२ येतात, ११ मागे पडतात, आणि १२ हेच उत्तर. वाटही दाखवता येते: ८, −३, ५, २.

एवढं कळलं की कोड दहा-बारा ओळींचा. मुलांची उत्तरं आधी लागतात, म्हणजे पोस्टऑर्डर (आधी मुलं, मग नोड) ओघानेच आलं, ते वेगळं आठवावं लागत नाही. फांदीकडून ऋण बेरीज आली तर ती घ्यायचीच नाही, तिच्या जागी शून्य धरायचं. मात्र ‘आतापर्यंतचं सर्वांत मोठं’ शून्यापासून सुरू करू नका. ट्रीमध्ये −४ हा एकच नोड असेल तर उत्तर −४ आहे, शून्य नाही. ही टेस्ट केस मी सगळ्यात आधी चालवायला सांगतो.

प्रत्येक नोडला एकदाच भेट द्यावी लागते. नोडच्या जोड्या धरून वाटा मोजायला गेलात, तर ३०,००० नोडना जवळपास ४५ कोटी जोड्या होतात.

मला या प्रश्नाचं प्रेम आहे ते त्याच्या पूर्वजामुळे. १९७७ मध्ये ब्राउन विद्यापीठाचे उल्फ ग्रेनँडर चित्रांमधले आकृतिबंध ओळखण्याच्या कामात अशाच एका प्रश्नापाशी आले होते. त्याचं सोपं रूप म्हणजे ॲरेमधल्या, म्हणजे ओळीने मांडलेल्या संख्यांमधल्या, सलग तुकड्याची कमाल बेरीज. कार्नेगी मेलनचे संख्याशास्त्रज्ञ जे कडेन यांनी ॲरेवरून एकदाच फिरून ती काढायची रीत शोधली, आणि जॉन बेंटली यांनी १९८४ मध्ये ती लिहून सगळ्यांपुढे आणली. तिथेही दोनच गोष्टी सांभाळायच्या असतात: इथे येऊन संपणारी सर्वांत मोठी बेरीज, आणि आतापर्यंतची सर्वांत मोठी. ट्रीमधल्या प्रत्येक नोडला एकच मूल ठेवून पाहा, आपलं फंक्शन थेट कडेनची रीत होऊन बसतं. हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा फार आनंद होतो, आणि तो तुम्हालाही मिळावा असं मला मनापासून वाटतं.

पण असा साखळीसारखा ट्री पायथॉनमध्ये जपून चालवा. तिथे रिकर्शनची मर्यादा मुळात १,००० असते. खोली जास्त असेल तर स्वतःचा स्टॅक (बाकी राहिलेल्या नोडची यादी) ठेवून तेच काम करावं लागतं.

हे जमलं की प्रश्नात एकच अट बदला: वाट लीफपासून (मूल नसलेल्या नोडपासून) लीफपर्यंतच हवी. आता ऋण फांदी टाकून देता येत नाही, कारण वाट लीफपर्यंत पोचायलाच हवी. एकच मूल असलेल्या नोडवर ‘सर्वांत मोठं’ नोंदवायचं नाही, नुसतं वर कळवायचं. कोडला हात लावण्याआधी कागदावर दोन ओळी लिहा, नोड वर काय कळवणार आणि बाजूला काय नोंदवणार. अडलात तर त्या दोन ओळी मला दाखवा, कोड नंतर पाहू.